एका वर्षाचा अर्ज

आमच्या कॉलेजच्या ऑफिसात चार खिडक्या आहेत, त्यातली तिसरी माझी. वर पाटी कन्नडमध्ये आहे, पण वडगाव, शहापूर, खानापूरकडची मराठी माणसं पाटी वाचत बसत नाहीत. गेटवरच्या शिपायाला सरळ विचारतात, "भरमूअण्णा कुठं बसत्यात?" पोरगं दहावीपर्यंत मराठीत शिकलेलं, बापाला कन्नड बोलता येतं पण वाचता येत नाही, आणि परिपत्रकं सगळी कन्नडात नाहीतर इंग्रजीत. मग आपला माणूस शोधायचा. मच्छे गावाच्या पलीकडं आमचं गाव, तिथून रोज बसनं येऊन तेवीस वर्षं मी त्या खिडकीत आपला माणूस म्हणून बसलोय.

आपला माणूस असला की दोन गोष्टी होतात. एक म्हणजे रांग मोडली तरी चालते. दुसरी म्हणजे पोच मागायची नसते. अर्ज दिला की त्याच्या झेरॉक्सवर शिक्का आणि तारीख मारून घ्यायची, असं भिंतीवर लिहून लावलंय. बाकीच्या तीन खिडक्यांवर सगळे मागतात. माझ्याकडं कोणी मागत नाही. एकदा एका पोरानं मागितली तर त्याच्या आईनंच त्याला माझ्यासमोर झापलं, "अण्णांकडं पोच मागतोस व्हय रं? लाज न्हाय वाटत?" ते ऐकून मला बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू?

आणि माझी एक पद्धत होती. कॉलेज सोडायचा नाहीतर ब्रेक घ्यायचा अर्ज आला की मी तो लगेच पुढं पाठवायचो नाही. टेबलाच्या खालच्या खणात आठ दिवस ठेवायचो. वीस वर्षांच्या पोराचा निर्णय म्हणजे काय असतो हो? एका पेपरात नापास झालं की यांना शिक्षण नको होतं, एका पोरीनं बोलणं टाकलं की गाव नको होतं. बोरगावचा साईराज असाच अर्ज देऊन गेला होता, मित्राबरोबर मोबाईलचं दुकान टाकणार म्हणून. सहाव्या दिवशी पळत आला, "अण्णा, पाठवला का हो?" मी खणातून कागद काढून त्याच्या हातात दिला. आज तो मच्छ्याच्या एका कारखान्यात पांढरा कोट घालून लॅबमध्ये बसतो. दर दिवाळीला फराळाचा डबा घेऊन येतो आणि ऑफिसात सगळ्यांना सांगतो की अण्णा नसते तर मी आज सिमकार्डं विकत बसलो असतो.

अशी आठ-दहा पोरं तरी माझ्या खणानं वाचवलीत. त्यामुळं मला वाटायला लागलं होतं की अक्कल वाटताना देवानं आमच्याकडं जरा जास्त ओतली.

ऋतिकाला मी पहिल्या वर्षापासून ओळखत होतो. वडगावची, विणकराच्या घरची. ॲडमिशनच्या दिवशी तिची आई सुवर्णा खिडकीत उभी राहून म्हणाली होती, "अण्णा, पोरगी तुमच्या पदरात टाकलीया बघा." आई अण्णा म्हणते म्हणून ती मला मामा म्हणायला लागली. दुसऱ्या वर्षाला केमिस्ट्रीत ती कॉलेजात पहिली आली. एमएस्सी करायची आणि इथंच परत येऊन शिकवायचं, असं तिनं पक्कं ठरवलं होतं. मी तिला चिडवायला आतापासूनच 'मॅडम' म्हणायचो. ती लाजायची, पण नको म्हणायची नाही.

मागच्या वर्षी सप्टेंबरच्या बारा तारखेला ती अर्ज घेऊन आली. शेवटचं वर्ष सुरू होऊन दोन महिनेसुद्धा झाले नव्हते.

"मामा, एक वर्षाचा ब्रेक पायजे."

मी हसलोच. "का गं मॅडम? दमलात व्हय?"

ती हसली नाही. मग कळलं की गणपतीच्या आधी आठ दिवस तिचा बाप मल्लाप्पा माग चालवता चालवता खाली बसला तो उठलाच नाही. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. घरात दोन पॉवरलूम. मोठी बहीण इचलकरंजीला दिलेली. मदतीला होता तो चुलतभाऊ फौंड्रीत लागला. मागावर बसायला आता माणूस मिळत नाही, ज्याला त्याला मच्छ्याच्या कारखान्यातली पाळी पाहिजे.

"आई सुताच्या कांड्या भरती, पर माग तिला जमत न्हाय. मला येतंय. लहानपणापास्नं बघितलंय. आप्पा म्हणत्यात एका वर्षात मी उभा ऱ्हातो. डॉक्टर बी तसंच म्हणाले. एकच वर्ष, मामा. पुढच्या जुलैला मी परत येणार."

अर्ज तिनं स्वतः लिहिलेला, इंग्रजीत, वळणदार अक्षरात. खाली पालकाच्या सहीच्या जागी डाव्या अंगठ्याचा ठसा होता. ॲडमिशनच्या फॉर्मवर मल्लाप्पानं केलेली सही मला आठवत होती. चांगली लांबलचक, शेवटी दोन टिंबं देऊन केलेली.

"ठेव," मी म्हटलं. "बघतो."

"तीस तारीख शेवटची हाय न्हवं? जाणार न्हाय न्हवं?"

"मी हाय की."

ती गेली. पोच तिनं मागितली नाही. मी अर्ज खणात टाकला.

आठ दिवस झाले, ती काही पळत आली नाही. मला ते आवडलं नाही. ब्रेक म्हणून गेलेली पोरं परत येताना मी फार बघितलेली नाहीत, आणि पोरी तर नाहीतच. एक वर्ष म्हणून जातात आणि पुढच्या वर्षी लग्नाची पत्रिका घेऊन येतात, "अण्णा, यायचं हं." मग मीच एका संध्याकाळी वडगावला गेलो.

गल्लीत शिरल्यापासून मागांचा खडखडाट. त्यांच्या पुढच्या खोलीत दोन माग, भिंतीला लागून बाज, बाजेवर मल्लाप्पा. ऋतिका दोन मागांच्या मधल्या फटीत उभी होती, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली. मला बघून तिनं एक माग बंद केला. दुसरा चालूच ठेवला. त्यामुळं आमचं सगळं बोलणं ओरडून झालं.

मी बोललो ते सगळं शहाण्या माणसाचं होतं. वर्ष गेलं की मन लागत नाही, सोबतच्या पोरी पुढं जातात, लोक स्थळं आणतात. ती ऐकत होती आणि कान दुसऱ्या मागाकडं होता. मध्येच धागा तुटला तसा पळत जाऊन तिनं तोही माग थांबवला, तुटलेलं टोक हुडकलं, गाठ मारली, मागाच्या फणीतून ओढून घेतलं आणि माग चालू केला. आपण रस्त्यात चप्पल नीट करतो तेवढ्या वेळात.

"मामा, तुमचं पटतंय," ती म्हणाली. "पर मी गेलो तर हे दोन्ही बंद पडत्यात. आप्पा दिवसभर बंद मागाकडं बघत बसतील. ते बघवंल काय तुमाला?"

सुवर्णानं चहा दिला. मी उठताना मल्लाप्पानं डावा हात थोडा वर केला. तोंड वाकडं करत, फार कष्टानं एक शब्द काढला.

"अर्ज?"

"दिला," मी म्हटलं. "काळजी करू नका."

अर्ज खणात होता. तरी मी दिला म्हणालो, कारण येताना बसमध्येच माझ्या डोक्यात दुसरं शिजलं होतं. ब्रेक कशाला पाहिजे? पोरगी हुशार आहे, घरी पहाटे वाचेल. हजेरीचं आपण बघू. डिसेंबरात परीक्षेला बसवू, जूनमध्ये पुन्हा बसवू. वर्ष जाणारच नाही. कबड्डीच्या पोरांची, एनसीसीच्या पोरांची, बाळंतपणाला गेलेल्या एका पोरीचीसुद्धा हजेरी आम्ही वहीत भरून दिली होती. केमिस्ट्रीच्या सरांना विचारलं, तेही म्हणाले, "करू की भरमू, तिच्यासाठी नाही करायचं तर कोणासाठी?" हे मी ऋतिकाच्या घरात सांगितलं नाही. आधी सांगितलं आणि झालं नाही तर? नोव्हेंबरात हॉल तिकीट घेऊनच जायचं, तिच्या हातात ठेवायचं, असं मी ठरवून टाकलं. खरं सांगायचं तर मला त्या घरातून एकदा ऐकायचं होतं की अण्णा, तुम्ही होता म्हणून.

तीस सप्टेंबर गेला. मी त्या दिवशी रजेवरसुद्धा नव्हतो. खिडकीत बसून बाकीच्यांचे सात ब्रेकचे अर्ज मीच पोर्टलवर चढवले.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. ऑक्टोबरात विद्यापीठाचा आदेश आला की हजेरी दर महिन्याला पोर्टलवर भरायची, आणि ती अंगठ्याच्या मशीनवरून जशी येईल तशीच. मशीन प्राचार्यांच्या खोलीबाहेर बसलं. केमिस्ट्रीच्या सरांनी मला जिन्यात गाठलं. "भरमू, माझ्या हातात आता काही नाही. तिचा ब्रेकचा अर्ज गेलाय ना? मग काळजी नाही." मी मान डोलावली. कोणत्या अर्थानं ते त्यांनी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी विद्यापीठात गेलो. माझ्यासारखाच एक माणूस तिथल्या खिडकीत होता. मी कन्नडमध्ये त्याला सगळं सांगितलं, थोडं लपवून. उशीर झाला, अर्ज राहून गेला, गरीब घरची पोरगी आहे. त्यानं स्क्रीनकडं बघत म्हटलं, "डेट मुगीतु, सर." तारीख संपली. मग जरा दया येऊन त्यानं सांगितलं की प्राचार्यांचं पत्र आणा, चूक ऑफिसची आहे असं कबूल करून. आत्ता आणलं तर समितीपुढं ठेवतील. नाहीतर ब्रेक नाही आणि हजेरीही नाही अशी दोन सेमिस्टर गेली की पोर्टलच नाव काढून टाकतं.

चूक ऑफिसची म्हणजे कोणाची? माझीच. आणि ते पत्र माझ्याच हातानं टाईप करून प्राचार्यांच्या पुढ्यात ठेवायचं. तेवीस वर्षांत माझ्या नावावर एक मेमो नाही. निवृत्तीला चार वर्षं राहिलीत. आज देऊ, उद्या देऊ करत दिवाळी आली. दिवाळीत साईराज डबा घेऊन आला आणि ऑफिसात नेहमीसारखं सगळ्यांना सांगायला लागला. मी त्याला गप बस म्हणून खेकसलो. तो बिचारा डबा ठेवून निघून गेला.

पत्र मी दिलं नाही. भीती वाटली, दुसरं काही नाही.

संक्रांतीला मात्र मी ठरवून वडगावला गेलो की निदान तिला सांगायचं. तीळगूळ घेऊन गेलो होतो. तिनं यावेळी दोन्ही माग बंद केले, सण होता म्हणून. आतून वह्या आणून दाखवल्या. रोज पहाटे दोन तास वाचते म्हणाली, पाचव्या सेमिस्टरचा अर्धा अभ्यास झालाय. "मामा, पुढच्या वर्षी मला लई सोपं जाणार बघा." मल्लाप्पा बाजेवर उशीला टेकून बसला होता. पूर्वीपेक्षा बरा दिसत होता. डाव्या हातानं त्यानं तीळगूळ घेतला, तोंडात टाकला, आणि मला म्हणाला, "गोड." तो शब्द अगदी स्वच्छ आला. सुवर्णानं पदर डोळ्याला लावला. त्या घरात त्या दिवशी मी काय सांगणार होतो? पोळी खाल्ली आणि परत आलो.

त्यानंतर मी वडगावची वाटच टाकली. बायको म्हणायची, "अलीकडं झोप न्हाय का तुमास्नी?" मी म्हणायचो पित्त झालंय. मनात एकच चाललेलं असायचं, की जुलैपर्यंत काहीतरी होईल. विद्यापीठ नियम बदलेल, पोर्टल बंद पडेल, किंवा ऋतिकाचं लग्न ठरेल. होय, हेसुद्धा माझ्या मनात आलं. तिचं लग्न ठरावं म्हणजे मी सुटेन. ज्या गोष्टीपासून तिला वाचवायला म्हणून मी तो कागद अडवला होता, तीच व्हावी म्हणून मी मारुतीला नारळ बोलून बसलो.

लग्न ठरलं नाही. स्थळं आली होती म्हणे तीन-चार, तिनं परतवून लावली. "माझं कॉलेज हाय जुलैला."

या मंगळवारी ती आली. मी तिला लांबूनच गेटमधून येताना बघितलं आणि खुर्चीतून उठून बाथरूममध्ये गेलो. परत आलो तर ती खिडकीसमोर उभी. नवीन फाईल, आत परत प्रवेशाचा अर्ज. बोटांच्या टोकांची कातडी जाड झाली होती. अंगानं वाळली होती, पण चेहरा असा फुललेला की बघवेना.

"आलो बघा मामा. तुमाला वाटलं न्हवतं न्हवं?"

मी तिचा नंबर टाकला. स्क्रीनवर लाल अक्षरांत आलं, ते मला आधीपासून माहीत होतंच. नाव रद्द. स्क्रीन माझ्याकडं होता, तिला दिसत नव्हता.

"सर्व्हर डाऊन हाय गं," मी म्हटलं. "गुरुवारी ये."

त्या दिवशी मी पत्र लिहिलं. सगळं लिहिलं, अर्ज कधी आला, कुठं ठेवला, का ठेवला. प्राचार्यांनी दोनदा वाचलं. ते ओरडले नाहीत. चष्मा काढून म्हणाले, "भरमू, हेच नोव्हेंबरात दिलं असतंस तर काहीतरी करता आलं असतं." तरी त्यांनी सही केली. बुधवारी ते घेऊन मी विद्यापीठात तीन खोल्या फिरलो. प्रत्येकानं वाचलं, प्रत्येकाला वाईट वाटलं. शेवटच्या खोलीतल्या बाईंनी मला पाणी दिलं आणि म्हणाल्या की समितीचा अधिकार त्या वर्षापुरताच असतो, आता नवीन ॲडमिशन घेऊन पहिल्या वर्षापासून यावं लागेल.

गुरुवारी मी ऋतिकाला खिडकीत उभं केलं नाही. बाहेर सायकल स्टँडजवळ नेलं आणि सांगितलं. एकही गोष्ट लपवली नाही, हजेरीची, प्राचार्यांच्या पत्राची, माझ्या भीतीची. सांगताना मी तिच्याकडं बघत नव्हतो. संपल्यावर बघितलं तर ती फाईलच्या दोरीशी चाळा करत होती.

"म्हंजे पयल्या वर्षापास्नं?"

"व्हय."

"तीन वर्षं."

"व्हय."

"आनि झालेली दोन?"

"ती गेली गं."

ती शिव्या देईल, रडेल, निदान तुमी असं का केलं म्हणून विचारेल, असं मला वाटत होतं. मला ते पाहिजे होतं. तिनं काही विचारलं नाही. विचारून तरी काय मिळणार होतं तिला? फाईलची दोरी बांधत म्हणाली, "आमी तुमाला इचारायला बी आलो न्हाय एकदा. तुमी हाय म्हटल्यावर कशाला इचारायचं?" तिच्या आवाजात टोमणा असता तर बरं झालं असतं. नव्हता.

मग ती म्हणाली, "तीन वर्षं माग कोण बघणार, मामा? एकाच वर्षाचं बोलणं झालतं घरात. आप्पास्नी तुमीच सांगा. मला न्हाय जमणार."

"सांगतो," मी म्हटलं. "उद्या येतो."

काल संध्याकाळी मी गेलो. गल्लीभर खडखडाट होता, त्यांच्या घरातून मात्र आवाज नव्हता. मला वाटलं तिनंच सांगून टाकलं असेल. आत गेलो तर दोन्ही माग बंद, आणि मल्लाप्पा बाजेवर नाही. तो मागासमोर स्टुलावर बसला होता, अंगावर धुतलेला सदरा, उजवा हात मांडीवर ठेवलेला. सुवर्णा शेजारी उभी होती, आणि तिचं हसू मावत नव्हतं.

"अण्णा, बरं झालं आला. तुमचीच वाट बघाय लागल्यात. मला म्हणाले, भरमूअण्णा येऊ देत, मग दाखवतो. हिला बी दाखवलं न्हाय अजून."

ऋतिका आतल्या दाराशी उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं. मी अजून काही बोललो नव्हतो.

"बघा," मल्लाप्पा म्हणाला.

त्यानं डाव्या हातानं ताण्यातला एक उभा धागा तोडला, मुद्दाम. मग एक टोक उचलून दातात धरलं. दुसरं टोक डाव्या हाताच्या अंगठ्यानं आणि बोटानं पकडलं, ते निसटलं, पुन्हा पकडलं. तोंड खाली नेलं. जिभेनं आणि बोटांनी मिळून त्यानं फास केला, टोक त्यातून ओवलं, आणि दातानं ओढून गाठ बसवली. त्याच्या कपाळावरून घाम धाग्यांवर टपकत होता. मग धागा फणीतून ओढून घेतला आणि कोपरानं दांडा सरकवून माग चालू केला. आठ-दहा फेऱ्या होऊ दिल्या आणि बंद केला. गाठ टिकली होती.

"सहा महिनं झालं," सुवर्णा सांगत होती. "ही पुस्तक घेऊन वर माळ्यावर गेली की पहाटंचं उठून बसायचे. पयली गाठ बसायला तीन महिनं गेलं. ओठ फाटून रक्त यायचं. मी म्हणायची ऱ्हाऊ दे, तर म्हणायचे, पोरीला जुलैला जायाचं हाय. मला बी बघून बघून एक माग जमाय लागलाय आता."

मल्लाप्पानं मान वळवून लेकीकडं बघितलं. एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "एक माग मी. एक आई. तू जा."

मग माझ्याकडं वळला. "कॉलेज कवा?"

मी तोंड उघडलं. सांगायचं म्हणूनच मी तिथं गेलो होतो. सगळं पाठ करून गेलो होतो, बसमध्ये चार वेळा मनातल्या मनात म्हटलं होतं. त्याच्या खालच्या ओठावर धाग्याचा एक तुकडा चिकटलेला होता आणि तो उत्तराची वाट बघत होता. सुवर्णाचं हसू जरा कमी व्हायला लागलं तसं मागून ऋतिका बोलली.

"सोमवारपास्नं, आप्पा."

"सोमवार," मल्लाप्पा म्हणाला. त्यानं डाव्या हातानं माझा हात धरला आणि सोडेना.

चहा घेतल्याशिवाय सुवर्णानं सोडलं नाही. तिनं आतून एक साडी आणून माझ्यापुढं धरली, आक्कासाठी, म्हणजे माझ्या बायकोसाठी म्हणून, ऋतिकाच्या हातची. मी नको म्हणालो, ती ऐकेना. साडी काखेत घेऊन मी बाहेर पडलो. ऋतिका गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आली. शेजारपाजारचे माग चालूच होते, त्यामुळं ती काय म्हणते ते ऐकायला मला वाकावं लागलं.

"त्यांच्या तोंडाकडं बघून मी बोलून गेलो मामा," ती म्हणाली. "आता तुमी एवढंच सांगा. सोमवारी सकाळी डबा घेऊन मी घरातनं निघाल्यावर जायाचं कुठं?"

मी म्हटलं, सांगतो.

आज शनिवार आहे.